खलाशाला दिसतं, पण तो बोलत का नाही? समुद्रात जाण्याआधीच्या पाच मिनिटांची गोष्ट

मालवण तालुक्यातलं तोंडवली नकाशावर काढून बघा. गावाची तळाशीलकडची बाजू म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची कालावल खाडी, मधे माड आणि घरं. पट्टी संपते तिथे खाडी समुद्राला मिळते आणि पलीकडे सर्जेकोट. इथल्या माणसाला समुद्राबद्दल काही सांगायला जाणं म्हणजे माशाच्या पिलाला पोहायला शिकवण्यातला प्रकार.

तरीही कोकण किनाऱ्यावर कुठे ना कुठे बोट उलटल्याची, खलाशी पाण्यात पडून बेपत्ता झाल्याची बातमी येत राहते. बातमीची भाषा ठरलेली असते. ‘अचानक आलेल्या लाटेने’, ‘अचानक वारा सुटल्याने’, ‘अचानक इंजिन बंद पडल्याने’. पण वाचलेल्यांचं बोलणं नीट ऐकलं की बऱ्याचदा लक्षात येतं, हे सगळ्यांसाठी अचानक नव्हतं. कुणाला तरी दोर घासलेला दिसला होता. कुणाला तरी इंजिनचा आवाज वेगळा वाटला होता. कुणीतरी मनात म्हणालं होतं की आज नको जाऊया.

मनात म्हणालं होतं. घोळ इथेच आहे.

मासेमारी हा जगातल्या सगळ्यात धोकादायक धंद्यांपैकी एक मानला जातो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना वर्षानुवर्षं एक आकडा देत आली, दरवर्षी २४ हजार मृत्यू. २०२२ मध्ये आलेल्या एका अंदाजाने तो आकडा लाखाच्या वर नेला, कारण छोट्या बोटींवरचे कितीतरी मृत्यू कुठे नोंदलेच जात नाहीत. यावर उपाय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वस्तू येतात. लाइफ जॅकेट, वायरलेस सेट, इस्रोने तयार केलेलं संकट संदेश पाठवणारं यंत्र. हे सगळं हवंच. पण यातली कुठलीही वस्तू तांडेलाला सांगत नाही की मागच्या बाजूच्या पोराला काहीतरी खटकलंय. ते त्या पोरानेच सांगायला लागतं.

सांगितलं, पण पोचलं नाही

मे २०२१. तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गाला झोडपलं आणि ते वर सरकलं. मुंबईजवळच्या समुद्रात हीरा तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा बार्ज उभा होता. तेलक्षेत्रात काम करणाऱ्या कामगारांना राहण्यासाठी वापरला जाणारा हा तरंगता तळ. त्यावर २६१ जण होते. वादळाचा इशारा काही दिवस आधीच आला होता. १६ मेच्या रात्रीपासून नांगर सुटत गेले, बार्ज वाहत जाऊन आदळला आणि १७ मे रोजी बुडाला. नौदल आणि तटरक्षक दलाने १८६ जणांना वाचवलं, बाकीचे गेले.

वाचलेल्यांमध्ये बार्जचे मुख्य अभियंता होते. त्यांनी रुग्णालयातून माध्यमांना सांगितलं की आपण कॅप्टनला बंदराकडे जाऊया असं सुचवलं होतं, पण वारा फार वाढणार नाही असं उत्तर मिळालं. कॅप्टन त्या दुर्घटनेत गेले, त्यामुळे त्यांची बाजू कधीच समोर आली नाही. चूक नेमकी कुणाची, यावर पुढे बरेच वाद झाले. त्या वादात न पडताही एक गोष्ट शिल्लक राहते. शंका बोटीवर होती आणि ती बोलूनही दाखवली गेली होती.

दुसरं उदाहरण याच किनाऱ्यावर आणखी खाली, मंगळुरूचं. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं विमान टेकडीवरच्या धावपट्टीवर उतरताना पुढे निघून गेलं आणि दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ जण गेले. चौकशीत कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग ऐकलं गेलं. विमान गरजेपेक्षा उंचावरून आणि जास्त वेगाने येतंय हे सहवैमानिकाच्या लक्षात आलं होतं. उतरू नका, परत वर घ्या, असं त्याने तीनदा सांगितलं होतं. विमान वर घेतलं गेलं नाही.

विमान वाहतुकीने हा धडा फार आधी गिरवायला घेतला होता. २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावर दोन जम्बो विमानं धावपट्टीवरच धडकली आणि ५८३ जण मेले. तिथेही समोरची धावपट्टी मोकळी नसेल अशी शंका कॉकपिटमधल्या एकाने बोलून दाखवली होती. अशा अपघातांचा अभ्यास करताना दिसलं की यंत्र चांगलं, माणसं अनुभवी, पण वरिष्ठाला टोकायची सोय नाही. मग वैमानिकांना एकमेकांशी बोलायचं कसं याचंच प्रशिक्षण सुरू झालं. कनिष्ठाने शंका कशी मांडायची आणि वरिष्ठाने ती कशी घ्यायची, दोन्ही. दुसरा भाग जास्त अवघड. मंगळुरूचा अपघात हे प्रशिक्षण जगभर रुळल्यानंतरचा आहे, यावरून तो किती अवघड ते कळतं.

खलाशी गप्प का बसतो?

आता हे बोटीवर आणून बघा. विमानातला सहवैमानिक निदान पगारी असतो, त्याच्या हातात परवाना असतो. खलाशाकडे काय असतं?

छोट्या बोटीवर मासळीच्या विक्रीतून खर्च वजा करून वाटे पडतात. फेरी रिकामी गेली तर डिझेल, बर्फ आणि रेशनचा खर्च अंगावर येतो. अशा वेळी ‘मागे फिरूया’ म्हणणारा माणस सगळ्यांच्या वाट्यावर हात घालत असतो. मोठ्या ट्रॉलरवर आणि पर्ससीन बोटींवर वेगळी अडचण आहे. तिथे नेपाळहून, कर्नाटकातून, उत्तरेकडच्या राज्यांतून आलेली मुलं असतात. बऱ्याच जणांनी हंगामाच्या सुरुवातीला उचल घेतलेली असते. भाषा तोडकीमोडकी. तांडेल मालवणीत ओरडतो, पोरगा हिंदीत समजून घेतो आणि नेपाळीत घाबरतो. त्याला धोका दिसला तरी त्याच्यासाठी शब्द हवा ना.

वयाचा मान हाही आहेच. तांडेल हा कुणाचा काका असतो, कुणाचा मामा. तीस पावसाळे बघितलेल्या माणसाला एकोणीस वर्षांच्या पोराने ‘काका, आज वारो बरो नाय’ म्हणायचं, म्हणजे उद्धटपणा. उत्तरही ठरलेलं, ‘काय नाय होवचा, गप ऱ्हव.’ त्यात निघताना अपशकुनी बोलू नये हा संस्कार. बोट पाण्यात ढकलताना बुडण्याचा विषय काढणाऱ्याकडे कसं बघितलं जातं, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको.

आणि गंमत म्हणजे, दहातल्या नऊ वेळा तांडेल बरोबरच असतो. काही होत नाही. म्हणून तर दहाव्या वेळी पोरगा तोंड उघडत नाही.

रापणीकडे बघा

बोलण्याची सवय किनाऱ्याला नवीन आहे असं मात्र नाही. रापण बघितली असेल तर हे लगेच कळेल. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल फिरून येते आणि मग जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावरून दोन गट ओढतात. एका बाजूने जोर जास्त लागला तर जाळं तिरकं येतं आणि मासळी निसटते. त्यामुळे ओढणारे सतत एकमेकांना हाका देत असतात. थांब, सैल सोड, पुढे सरक. कुणीतरी पाण्याकडेच बघत असतो. जाळं आणि होडी संघाची, मासळीचे वाटे सगळ्यांचे, त्यामुळे ओरडायचा हक्कही सगळ्यांचा. तिथे पोरानेही ‘थांबा’ म्हटलं तरी हात थांबतात.

यात फार सोनेरी रंग भरायची गरज नाही. रापण किनाऱ्यालगत असते, माणसं एकमेकांच्या नजरेसमोर असतात आणि चूक झाली तर बहुतेक वेळा मासळी जाते, जीव जात नाही. इंजिन आलं, बोट खोल पाण्यात जायला लागली, मशीनच्या आवाजात हाक ऐकू येईना, आणि ओरडायचा हक्क हळूहळू एकट्या तांडेलाकडे गेला. धोका वाढला त्याच वेळी बोलणारे कमी झाले.

पाच मिनिटांत बोलायचं काय?

कारखान्यांत, बांधकामांवर, रिफायनरीत कामाला सुरुवात करण्याआधी मुकादम सगळ्यांना गोळा करून पाच-दहा मिनिटं बोलतो. त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. आज काम काय, त्यात धोका कुठे, कोण कुठे उभा राहणार. कल्पना साधी आहे आणि म्हणूनच तिचं वाटोळंही सहज होतं. मुकादम कालचंच भाषण वाचतो, मुलं मोबाइलवर असतात, शेवटी रजिस्टरवर सह्या. अपघात झाला की कंपनी रजिस्टर दाखवते.

बोटीवर रजिस्टर नाही, हे एका अर्थी बरंच आहे. तिथे फक्त बोलणं उरतं. पण कसं बोलायचं?

‘सगळा बरा हा ना?’ हा प्रश्न बाद. त्याचं उत्तर ‘होय’ असंच येतं, कारण प्रश्नातच उत्तर दिलंय. त्याऐवजी असा प्रश्न हवा ज्याला ‘होय’ म्हणून सुटता येणार नाही. ‘गेल्या खेपेक काय अडला?’ ‘आज जाळा सोडताना मागे कोण, आणि तेचो पाय खंय असतलो?’ ‘जॅकेटा किती हत? मोजलंस?’ ‘कोणाची झोप झाली नाय?’

आणि पहिला बोलणार सगळ्यात नवा माणूस. तांडेल शेवटी. यामागे मोठं तत्त्वज्ञान नाही. तांडेलाने एकदा ‘आज समुद्र मस्त हा’ म्हटलं की त्याच्यानंतर कुणी ‘मला तर वारा वाढलेला वाटतो’ असं म्हणणार नाही. अनुभवी माणसाचं मत शेवटी आलं तर त्याचं वजन कमी होत नाही, उलट त्याच्या हातात चार जास्तीच्या गोष्टी असतात.

समजा पोरगा म्हणाला, ‘मागचो दोर घासलो हा.’ इथून पुढची दोन मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. तांडेल म्हणाला ‘माका म्हायत हा’, तर विषय संपला आणि पोरगा पुढच्या वेळी बोलणार नाही. तांडेलाने जाऊन दोर बघितला, हातात घेतला आणि म्हणाला ‘आज चलतलो, पण येत्या खेपेक बदलूया’, तर दोर तोच राहिला तरी पोराला कळलं की सांगितलेलं बघितलं जातं. आणि दोर खरंच बदलायला लागतो. दोन खेपा झाल्या, दोर तसाच, तर सकाळची ती पाच मिनिटं म्हणजे नुसता देखावा होतो.

परप्रांतीय खलाशी असतील तर आणखी एक काम. सगळ्यांना कळणारे सहा-सात शब्द ठरवून घ्यायचे. थांब, सोड, ओढ, माणूस पाण्यात, आग, इंजिन बंद. कुठल्या भाषेत हे महत्त्वाचं नाही. प्रत्येकाने ते एकदा मोठ्याने म्हणून दाखवायचे.

नावांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी एक यादी काढली. त्यात चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, असा एक मुद्दा आहे. डॉक्टरांना तो सुरुवातीला पोरकट वाटला. पण ज्याने एकदा तोंड उघडून नाव सांगितलंय तो गरज पडल्यावर पुन्हा तोंड उघडतो. जगभरातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून बघितली, त्यात दिल्लीचंही एक होतं. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात हीच यादी सक्तीची झाली. तिथल्या १०१ रुग्णालयांच्या २०१४ मधल्या अभ्यासात मात्र म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. का, यावर डॉक्टरांमध्ये अजून मतभेद आहेत. पण कागदावर टिकमार्क करणं आणि खरंच एकमेकांशी बोलणं यात फरक आहे, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. कारखान्यातलं ते रजिस्टर आठवा.

मागे फिरायचं कधी, हे किनाऱ्यावर ठरवायचं

२२ जून २००३ रोजी सिंधुदुर्गातच, वैभववाडीजवळ कोकण रेल्वेची गाडी रुळावर आलेल्या दरडीमुळे घसरली. पन्नासहून अधिक प्रवासी गेले. आज पावसाळ्यात या मार्गावर गाड्या वेगळ्या वेळापत्रकाने, कमी वेगाने धावतात, रुळांवर गस्त असते. आणि एक सूचना दरवर्षी जाहीर होते. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं तर लोको पायलटने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा.

या सूचनेची ताकद कशात आहे? गाडी उशिरा पोचली तर ड्रायव्हरला स्वतःचा बचाव करावा लागत नाही. भित्रा आहेस का, असं कुणी विचारू शकत नाही. ते आधीच ठरलेलं आहे.

बोटीवर असं ठरवता येतं. बंदरात तीन नंबरचा बावटा लागला किंवा हवामान खात्याने मच्छीमारांना जाऊ नका म्हटलं तर प्रश्नच नाही. पण खरी पंचाईत त्याच्या अलीकडच्या दिवसांची असते, जेव्हा बावटा नसतो आणि मनात मात्र असतो. तेव्हा रेघ बोटीवरच्यांनीच ओढायची. खाडीच्या मुखावर वाळूचा दांडा पावसाळ्यानंतर जागा बदलतो, तिथे लाट फुटत असेल तर पाणी चढेपर्यंत थांबायचं. इंजिन एकदा बंद पडून चालू झालं तर पुढे जायचं नाही. तळात पाणी नेहमीपेक्षा लवकर साठायला लागलं तर जाळं टाकायचं नाही. वायरलेस लागत नसेल तर किनारा दिसेल एवढंच अंतर.

हे किनाऱ्यावर का ठरवायचं? कारण समुद्रात, जाळ्याचा खर्च डोळ्यासमोर असताना आणि शेजारची बोट पुढे जाताना दिसत असताना, कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. शेजारची बोट हा तर वेगळाच रोग आहे. तो गेला म्हणून हा जातो आणि हा येतोय बघून तो थांबत नाही.

पाण्यात असताना

रेल्वेत एक जुनी पद्धत आहे. सिग्नल दिसला की लोको पायलट आणि सहायक दोघंही तो एकमेकांना मोठ्याने सांगतात. दोघांनाही दिसलेलं असतं, तरी म्हणायचं. कारण ‘त्याने बघितलं असेल’ या समजुतीत माणसं मरतात.

बोटीवर याचा उपयोग जाळं सोडताना. सरसर जाणाऱ्या दोराच्या वेटोळ्यात पाय अडकला की माणूस जाळ्याबरोबर खाली जातो. त्यामुळे मागचा माणूस ‘मोकळा’ म्हणेपर्यंत पुढच्याने सोडायचं नाही. विंच सुरू करताना तेच. तांडेलाने हुकूम दिला की समोरच्याने तोच परत म्हणायचा. ऐकायला शाळेसारखं वाटतं, पण इंजिनच्या आवाजात ‘सोड’ आणि ‘ओढ’ यात किती फरक राहतो ते बघा.

माणूस पाण्यात पडला तर काय, हा विषय अपशकुनी म्हणून टाळला जातो. हिशेब मात्र साधा आहे. ६ नॉट वेगाने जाणारी बोट सेकंदाला ३ मीटर पुढे जाते. एका मिनिटात १८५ मीटर. तेवढ्या अंतरावर लाटांत माणसाचं डोकं म्हणजे शहाळ्याएवढी वस्तू, रात्री तर तीही नाही. म्हणून ज्याने पडताना बघितलं त्याने ओरडायचं आणि त्याच्याकडे बोट दाखवत उभं राहायचं. त्याने दुसरं काहीही करायचं नाही, मदतीलाही धावायचं नाही, नजर हटवायची नाही. दुसऱ्याने हाताला लागेल ते तरंगणारं फेकायचं, बोया, रिकामा कॅन, काहीही. तिसऱ्याने बोट वळवायची आणि जवळ आल्यावर पंखा थांबवायचा. वायरलेसवर चॅनेल १६, फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. कोण काय करणार हे निघताना दहा सेकंदांत सांगून होतं. पडल्यानंतर सांगायला दहा सेकंद नसतात.

जॅकेटचं रडगाणं सगळ्यांना माहीत आहे. गरम होतं, जाळ्यात अडकतं, काम सुचत नाही. ही तक्रार खोटी नाही. पण ‘नेहमी घाला’ असं म्हणून कुणी घालत नाही आणि मग कधीच घातलं जात नाही. त्यापेक्षा खाडीचं मुख ओलांडताना, रात्री आणि एकटा मागे जाताना घालायचंच, एवढं ठरलं तरी बराच फरक पडतो. हे कुठल्या पत्रकातून ठरत नाही, ज्यांना घालायचंय त्यांच्या बोलण्यातून ठरतं.

न झालेल्या अपघाताचं बोलणं

परत आल्यावर मासळी उतरवायची घाई असते. बोलायला वेळ कुणाला? पण सगळ्यात जास्त माहिती याच वेळी असते. पाय घसरला पण पडला नाही. जाळं पंख्यात जाता जाता राहिलं. संध्याकाळी हे किस्से हसत सांगितले जातात आणि विसरले जातात.

एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेने रुग्णालयांतल्या औषधाच्या चुका मोजल्या होत्या. अपेक्षा होती की चांगल्या टीमकडून कमी चुका होतील. निघालं उलटं, चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका. १९९६ मध्ये तिने ते मांडलं. उलगडा असा, की चांगल्या टीम चुका लपवत नव्हत्या, म्हणून त्या मोजल्या जात होत्या. बाकीच्यांकडे चुका होत्याच, फक्त बाहेर येत नव्हत्या.

म्हणजे ‘आमच्या बोटीवर कधी काय झाला नाय’ असं छातीठोकपणे सांगणारा तांडेल भेटला तर दोन शक्यता आहेत. एक तर बोट खरंच भारी चालते. नाहीतर त्याला कुणी काही सांगत नाही.

पर्यटकांची बोट

तोंडवलीच्या किनाऱ्यावरही आता पर्यटक येतात आणि मालवण-तारकर्लीला तर सुट्टीत रीघ लागते. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी वीसेक जणांची बोट किनारा जवळ आलेला असताना बुडाली. दोन पर्यटक गेले. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत एलिफंटाकडे जाणाऱ्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, १५ जणांचा जीव गेला. त्यानंतर प्रवासी बोटींवर जॅकेटची सक्ती चर्चेत आली. पर्यटकांच्या बोटीत बोलणाऱ्यांची संख्या वाढते, पण कामाचं बोलणारा कुणी नसतो. पर्यटकाला वाटतं, यांना कळत असेल. खलाशाला वाटतं, गिऱ्हाईक नाराज होईल.

मात्र याच किनाऱ्यावर, याच धंद्यात उलट पद्धतही रोज पाळली जाते. स्कूबा डायव्हिंग शिकवताना पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराने जोडीदाराची उपकरणं तपासायची असतात. टाकी उघडी आहे का, हवा येते का, पट्टे नीट आहेत का. प्रशिक्षक असला तरी त्याचीही तपासणी होते. पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून खुणा आधी ठरवतात. तिथे अंगठा वर म्हणजे ‘मस्त’ नव्हे, ‘वर चला’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. आणि डायव्हिंगमधला एक नियम तर मासेमारीच्या बोटीवर उचलून न्यावा असा आहे. कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने डाइव्ह थांबवू शकतो, आणि त्याला का म्हणून विचारायचं नाही.

मासेमारीच्या बोटीवर तो नेताना अडतं ते पैशांवर. स्कूबाचा पर्यटक वर आला तरी त्याने पैसे आधी भरलेले असतात. गिलनेटची बोट अर्ध्यातून परत आली तर डिझेल जळालेलं असतं आणि ते कुणाच्या तरी खिशातून जाणार असतं. हा प्रश्न मोकळा ठेवून ‘बिनधास्त बोला’ म्हणण्यात अर्थ नाही, पोरं तेवढी खुळी नाहीत. वाटे कसे पडणार हे हंगामाच्या सुरुवातीला ठरतंच. त्याच बैठकीत, धोक्यामुळे परत आलेल्या फेरीचं डिझेल सगळ्यांच्या हिशेबातून जाईल, ज्याने ‘परत चला’ म्हटलं त्याच्या एकट्याच्या वाट्यातून किंवा उचलीतून नाही, एवढं ठरवून टाकता येतं. मालकाला हे महाग वाटू शकतं. त्याने एका फेरीच्या डिझेलची किंमत आणि एका इंजिनची किंमत कागदावर शेजारी शेजारी लिहून बघावी. माणसाची किंमत त्या कागदावर लिहिता येत नाही, ती सोडूनही हिशेब कळतो.